डावी बाजू कुणाची

जिंजा
३ ऑक्टोबर १९९८

प्रिय एमुगे,

ओलुकाची मोटारसायकल गेल्या मंगळवारी इथं पोचली. कपाशीच्या ट्रकमध्ये गठ्ठ्यांच्या वर आडवी बांधून आणली होती. उजवा आरसा नाही, हँडलचं उजवं टोक आत वाकलंय, टाकी खरचटलीय. बाकी गाडी धड आहे. ज्या अपघातात माझा भाऊ गेला त्यातून गाडी इतकी धड निघावी याचा मला आधी रागच आला.

अडेकेनं ती मला देऊन टाकली. नवऱ्याची गाडी रोज डोळ्यांसमोर नको म्हणाली. मी चालवायला शिकते आहे. गालात हसू नकोस. शाळा आठ किलोमीटर लांब आहे आणि माझे गुडघे आता सायकलवर ऐकत नाहीत.

इथं वाइस्वा नावाचा म्हातारा मेकॅनिक आहे. इंजिनाला हात लावण्याआधी त्यानं मला गाडीवर बसवलं आणि स्वतः जमिनीवर बसून माझे पाय बघत राहिला. म्हणाला, "बाई, गिअर आणि ब्रेक पायाला बसले पाहिजेत. पाय उचलून शोधावे लागले तर तेवढ्यात माणूस मरतो." मग त्यानं विचारलं, ही कोण चालवायचं. मी सांगितलं, माझा भाऊ, सहा फूट दोन इंच.

त्यानं दोन्ही पेडल हातानं चाचपून पाहिली. मग म्हणाला, "उजवी बाजू त्याची आहे. डावी त्याची नाही."

मला कळलं तेवढं लिहिते. उंच माणसाचे गुडघे गाडीवर जास्त मुडपतात, पायाची बोटं वर येतात, म्हणून त्याला दोन्ही पेडल वर लागतात. उजवीकडचा ब्रेक तसाच आहे, वर. पण डावीकडचा गिअरचा दांडा चांगला दोन दात, म्हणजे आतल्या दोन खाचा, खाली उतरवलेला आहे. वाइस्वा म्हणतो, या दांड्याखाली उंच माणसाचा बूट शिरणारच नाही. गाडीची एक बाजू एकाची, दुसरी दुसऱ्याची, असं त्यानं चाळीस वर्षांत पाहिलं नाही.

अपघाताच्या त्या रविवारी तू त्याच्या मागं बसला होतास. जे सांगायचं ते तूच सांगू शकतोस. गाडीला कुणी हात लावला होता का? सहज विचारते आहे.

तुझी
एस्तेर असियो


एन्गोरा
१२ ऑक्टोबर १९९८

आदरणीय असियो बाई,

नमस्कार. तुमचं पत्र मिळालं. तुम्ही मला अजून पत्र लिहिता हाच माझा मान आहे. चौथीत तुम्ही मला पुढच्या बाकावर बसवलं होतं ते मी विसरलेलो नाही.

बाई, अपघात म्हटला की गाडीचं काय जागेवर राहतं? दांडा पडताना फिरला असणार. इतक्या जोरात गाडी रस्त्याच्या मोरीवर आदळली, त्यात माणसाचं काही राहिलं नाही, तिथं एका दांड्याचं काय. तुमचा मेकॅनिक जिंजाचा आहे. शहरातले मेकॅनिक गिऱ्हाइकाला घाबरवूनच काम वाढवतात. जपून राहा.

त्या दिवसाबद्दल मी पोलिसांना सांगितलं, तुमच्या वडिलांना, पापांना, सांगितलं, चर्चमध्ये सांगितलं. पुन्हा लिहिताना हात जड होतो. ओलुकाच्या आतेभावाकडे लग्नाची बोलणी होती. नाचणीच्या दारूच्या मडक्याभोवती सगळे बसले होते, प्यायच्या लांब नळ्या फिरत होत्या, ओलुका प्यायला. मी म्हटलं होतं, थोडं थांबू. तो ऐकला नाही. दलदलीच्या बांधाकडे उतार लागतो तिथं ताबिता डोक्यावर रताळ्यांचं पोतं घेऊन चालली होती. पुढचं तुम्हाला माहीत आहे. ताबिताची कंबर मोडली, ती अजून उठत नाही. ओलुका जागच्या जागी गेला. मी गवतात पडलो म्हणून वाचलो.

पापा घराबाहेर पडत नाहीत. ताबिताच्या माणसांनी "दारुड्याचा बाप" म्हटल्यापासून ते कुणाच्या मडक्याशी बसलेले नाहीत. म्हाताऱ्या माणसाच्या जखमेवरची खपली निघू नये एवढंच मला वाटतं. तुम्ही शहाण्या आहात.

तुमचा विद्यार्थी
सायमन एमुगे


जिंजा
२० ऑक्टोबर १९९८

प्रिय एमुगे,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा लाल पेन हातात घेऊन. सवय जात नाही.

"दांडा पडताना फिरला" हे मी वाइस्वाला सांगितलं. त्यानं वाद घातला नाही, बोल्ट काढला, दांडा उपसून माझ्या हातात दिला आणि म्हणाला, बघा. आत बारीक दात असतात, नाचणीच्या दाण्यापेक्षा बारीक. ते दुसऱ्या दांड्यावरच्या दातांत बसतात. दांडा वाकेल, मोडेल, पण दात झिजल्याशिवाय फिरणार नाही. आणि आमचे दात नव्यासारखे आहेत. शिवाय गाडी उजव्या अंगावर पडली आहे. आरसा उजवा गेला, टाकी उजवीकडे खरचटली. डाव्या अंगाला ओरखडासुद्धा नाही. ज्या बाजूला मार लागलाच नाही ती बाजू बदलली, आणि जिला लागला ती जशीच्या तशी. हे कसं?

बोल्टच्या कडा मात्र घासून चकचकीत झाल्यात. कुणीतरी पाना लावून तो सैल केलाय आणि परत आवळलाय. वाइस्वा म्हणतो, याला फार दिवस झालेले नाहीत.

म्हणजे दोनच गोष्टी शक्य आहेत. एक, अपघाताआधी कुणीतरी गाडीशी काही केलं. दोन, अपघातानंतरच्या सात आठवड्यांत माझ्या भावाची गाडी दुसराच कुणी बुटका माणूस चालवत होता.

तू तिथं आहेस. डोळे उघडे ठेवून सांग.

एस्तेर असियो


एन्गोरा
१ नोव्हेंबर १९९८

आदरणीय बाई,

उत्तराला उशीर झाला. जिनिंगमध्ये कपाशी यायला लागलीय. दिवसभर काट्यापुढं उभं राहून वजनं लिहायची, संध्याकाळी डोळ्यांपुढं आकडेच नाचतात.

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, नाहीतर हे माझ्या तोंडून निघालं नसतं. अपघातानंतर गाडी अडेकेवहिनींच्या ताब्यात होती. त्यांच्याकडे कोण येतं, कोण जातं, हे मी बघत नाही. बघणं बरंही दिसत नाही. पण गाव बघतं. वहिनी तरुण आहेत. पदरात दोन मुलं आहेत. कुणाच्या आधाराची गरज वाटली तर त्यांना दोष कोण देईल? मी तर देणार नाही.

कुणी गाडी फिरवली असेल तर आपल्या पायाला लावून घेतली असेल. एक बाजू केली, दुसरी राहिली. एवढंच असेल. गाडी तुमच्याकडे इतक्या घाईनं का पाठवली, हे तुमचं तुम्हीच ठरवा. मी काही म्हटलेलं नाही.

हे पत्र वाचून झाल्यावर फाडून टाकावं ही विनंती.

तुमचा विद्यार्थी
एमुगे


जिंजा
१६ नोव्हेंबर १९९८

एमुगे,

पत्र फाडलं नाही.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी मी अडेकेला लिहिलं. काय लिहिलं ते तुला सांगायची माझी हिंमत नाही. मी तिच्यापेक्षा मोठी, नणंद, वर शिक्षिका. एका बाईला जितकं वाईट लिहिता येतं तितकं नीट, शुद्धलेखनाची एकही चूक न करता लिहिलं.

तिचं उत्तर गेल्या शुक्रवारी आलं. ती शिकलेली नाही. चर्चमधल्या आजींकडून लिहून घेतलंय, म्हणजे माझं पत्रही त्यांनी वाचलं असणार. उत्तरात चारच गोष्टी आहेत. जशाच्या तशा उतरवते.

"गाडी मोरीवरून उचलली ती थेट चर्चच्या कोठीत नेली. किल्ली पाद्रीबाबांकडे होती. सात आठवडे कोठी उघडली नाही, त्यांना विचारा.

"दांडा त्यांनी स्वतःसाठी उतरवला नसता. त्यांचा पाय दुखत नव्हता, बोट सुजलं नव्हतं. मातीआधी मी त्यांचे पाय धुतले आहेत, मला माहीत आहे. बूट पायातच होते.

"रविवारी सकाळी त्यांनी मला गाडीवरून चर्चला नेलं. तेव्हा दांडा जिथं असायचा तिथंच होता. मी मागं बसते, मला त्यांचा पाय दिसतो.

"एमुगे आमच्या घरी रोज जेवायचा. ते गेल्यापासून एकदाही उंबऱ्याशी आलेला नाही. तुम्ही मला विचारलंत. त्याला विचारलंत का?"

पाद्रीबाबांना मी तार केली, त्यांचंही उत्तर आलं. कोठी बंदच होती.

म्हणजे सकाळी दांडा वर होता आणि संध्याकाळी मोरीवरून गाडी उचलली तेव्हा खाली. मधल्या वेळात गाडीपाशी माणसं दोन. एक सहा फूट दोन इंच. दुसरा चौथीत पुढच्या बाकावर बसायचा, कारण मागं बसला तर त्याला फळा दिसत नसे.

विचारते. गाडी कोण चालवत होतं?

एस्तेर असियो


एन्गोरा
२१ नोव्हेंबर १९९८

बाई,

तुम्ही माझ्यावर हा आळ घ्याल असं वाटलं नव्हतं. मी ओलुकाचा मित्र होतो. मी त्याची शवपेटी खांद्यावर घेतली. तुम्ही तर माती झाल्यावर पोचलात.

तुमच्या कानात कोण काय भरतंय ते मला कळतं. वहिनींना सगळा गाव बोलतोय, तो दुसऱ्या कुणाला बोलावा असं त्यांना वाटणारच. आणि एक परक्या गावचा मेकॅनिक, ज्यानं ओलुकाला कधी पाहिलं नाही, तो म्हणतो म्हणून मी खोटा? पोलिसांनी लिहून घेतलंय, गावानं मान्य केलंय. आता तुम्हाला काय हवंय? मला तुरुंगात घातलं तर ओलुका उठून बसणार आहे का?

यापुढं मला लिहू नका.

सायमन एमुगे


जिंजा
२४ नोव्हेंबर १९९८

एमुगे,

एका सरळ प्रश्नाचं उत्तर "नाही, मी चालवत नव्हतो" असं एका ओळीत येतं. तू पानभर लिहिलंस आणि तेवढी ओळ कुठंच नाही. मी तीन वेळा शोधली.

वाइस्वानं गाडी माझ्या मापाची करण्याआधी दोन्ही बाजूंना खडूनं खुणा केल्या होत्या. आज मी त्याला सगळं पुन्हा होतं तसं लावायला सांगितलं. शाळा चार डिसेंबरला बंद होते. पाच तारखेला पहाटे मी गाडी ट्रकमध्ये घालून निघते, सकाळी अकराच्या सुमारास पापांच्या अंगणात असेन. गावातल्या थोरांना मी आधीच पत्र लिहिते आहे. भरल्या उजेडात, सगळ्यांसमोर तू त्या गाडीवर बसायचंस. फक्त बसायचं आणि डावा पाय ठेवायचा. बोलायची गरज पडणार नाही.

एस्तेर असियो


एन्गोरा
२९ नोव्हेंबर १९९८

बाई,

गाडी आणू नका. मी लिहितो.

मी चालवत होतो.

बोलणी झाली, ओलुकानं नळी दुसऱ्याकडे दिली आणि उठला. आंब्याच्या झाडाखाली गाडी उभी होती. तिथं पोचल्यावर म्हणाला, "एमुगे, आज मी पुढं बसणार नाही. डोकं हलकं झालंय. तू घे." मी त्याची गाडी चार-पाच वेळा मैदानात चालवली होती, रस्त्यावर नाही. पण मला चालवायचीच होती. बाई, मी खोटं लिहीत नाही, मला आनंद झाला.

मी किक मारणार तेवढ्यात त्यानं किल्ली काढून घेतली. म्हणाला, "असं नाही बसायचं." सीटखालून पाना काढला आणि माझ्या डाव्या पायाशी गुडघे टेकून बसला. प्यायलेला होता, पण हात स्थिर होते. म्हणाला, "खाली बघू नको, समोर बघ. बोटं कुठं लागतात?" मी म्हटलं, दांडा वर आहे. त्यानं बोल्ट सैल केला, दांडा बाहेर काढला, एक दात खाली उतरवून बसवला. "आता?" अजून वर. पुन्हा काढला, पुन्हा बसवला. "आता?" आता बरं. तो हसला, म्हणाला, "तुझे पाय चौथीतून पुढं गेलेच नाहीत."

मग तो उजवीकडे आला. ब्रेकला वेळ लागतो. खाली एक बोल्ट असतो त्यानं पेडलची उंची ठरते, ती बदलली की मागच्या चाकाशी जाऊन दांडीचा नट फिरवायचा, चाक मोकळं फिरतंय का बघायचं. तो नट गंजला होता. तीनदा पाना घसरला, त्याच्या बोटाची सालटी निघाली. आभाळ भरून आलं होतं. माझे सँडल नवे होते, चिखलात जायचं जिवावर आलं होतं. मी म्हटलं, "राहू दे रे. पोचेपर्यंत ब्रेक लागतोय कशाला."

तो म्हणाला, "मी आधी ब्रेकच करायला हवा होता." अजून एकदा पाना लावून बघितला. मी हॉर्न वाजवला. मग तो उठला आणि मागं बसला. शुद्धीत असता तर बसला नसता.

उतारावर ताबिता डबकं चुकवायला रस्त्यावर आली. आमच्याकडे तिची पाठ होती. मी पाय टाकला. पेडल वर होतं, पाय खालीच लागला. पाय उचलला, पुन्हा टाकला, तेव्हा सापडलं. एवढाच वेळ. ओलुका माझ्या डोक्यावरून पुढं गेला.

लोक धावत आले. मी गवतात बसलो होतो. कुणीतरी विचारलं, कोण चालवत होतं? मी तोंड उघडायच्या आत दुसरा म्हणाला, "ओलुकाची गाडी, दुसरं कोण चालवणार?" मी गप्प बसलो. त्या दिवशी मी खोटं बोललो नाही, फक्त गप्प बसलो. दुसऱ्या दिवशी पोलिसांपुढं बोललो. त्यांनी विचारलं, प्यायला होता का? हो म्हटलं. ते खरं होतं, म्हणून बाकीचंही सगळ्यांना खरं वाटलं. मलासुद्धा कधी कधी वाटायचं.

वहिनींबद्दल लिहिलं ते सगळं खोटं. त्यांच्याकडे कुणी येत नाही. तुम्ही माझ्याकडे बघत होतात, तुम्हाला दुसरीकडे बघायला लावायचं होतं.

एमुगे


जिंजा
३ डिसेंबर १९९८

एमुगे,

पत्र वाचून मी शाळेत गेले आणि पाच तास शिकवलं. काय शिकवलं ते आठवत नाही.

माझा अजून तुझ्यावर पूर्ण विश्वास नाही. चौथीत तू फार सुंदर कबुली द्यायचास. पाटी फोडल्याचं इतक्या रडवेल्या आवाजात सांगायचास की दप्तर तपासायचं राहून जायचं. दप्तरात दुसऱ्याचं पुस्तक असायचं. या पत्राच्या दप्तरात अजून काही आहे का, मला माहीत नाही.

म्हणून माझ्याजवळ कबूल केलेलं मी धरत नाही. मी तिथं नव्हते, माझं काही मोडलेलं नाही. माझा भाऊ गेला, पण इथं जिंजात त्याचं नाव कुणी वाईट घेत नाही, तिथं गावात घेतात.

पापांना सांग. अडेकेला सांग. ताबिताला सांग. पोलिसांना सांग. प्रत्येकाला त्याच्या घरी जाऊन, तोंडानं, लोकांसमोर. मी पाच तारखेला येत नाही, थोरांना तसं कळवते. तुला पंधरा तारखेपर्यंत वेळ देते. गाडी न्यायची वेळ माझ्यावर आणू नकोस.

एस्तेर असियो


एन्गोरा
१४ डिसेंबर १९९८

बाई,

झालं. क्रमानं लिहितो.

गुरुवारी सकाळी पापांच्या अंगणात गेलो. पाद्रीबाबांना सोबत नेलं होतं, एकट्यानं पाय उचलेना. शेजारचे सहा-सात जण जमले. मी उभ्यानं सांगितलं. पापांनी मधे अडवलं नाही. संपल्यावर दोनच प्रश्न विचारले.

"गाडी त्यानं स्वतःहून दिली?"

"हो."

"प्यायलोय म्हणून दिली?"

"हो, पापा. तो स्वतःच म्हणाला."

ते घरात गेले. मला वाटलं भाला घेऊन येतात. खुर्ची घेऊन आले, अंगणाच्या मधोमध ठेवली आणि बसले. जमलेल्यांना म्हणाले, "ऐकलंत ना? आता जा आणि जिथं जिथं बोललात तिथं तिथं सांगा." माझ्याकडे पाहिलं नाही.

अडेकेवहिनी दाराशी उभ्या होत्या, कडेवर धाकटी. म्हणाल्या, "माझ्याबद्दल पत्रात काय लिहिलंस, तेही सांग. मोठ्यानं." मी सांगितलं. प्रत्येक शब्द. त्यांनी ऐकून घेतलं, मुलीला खाली ठेवलं, कुदळ उचलली आणि शेतावर निघून गेल्या.

ताबिताकडे गेलो तेव्हा तिचे दोघे मुलगे अंगावर आले. एकानं मारलं. तिनंच झोपल्या जागेवरून त्यांना हाक मारली. मला आत बोलावलं. सगळं ऐकून म्हणाली, "हे सगळे चार महिने मला सांगतायत, मेलेल्याला माफ कर. मी केलं. त्याच्यासाठी प्रार्थनासुद्धा केली. आता तू जिवंत माणूस येऊन उभा राहिलास. जिवंत माणसाला माफ करायला मला वेळ लागेल." मी म्हटलं, लागू दे. ती म्हणाली, "तोपर्यंत माझी रताळी कोण लावणार?" दुसऱ्याच दिवसापासून तिच्या शेतावर जातो. मुलगे माझ्याशी बोलत नाहीत, फक्त कुठं खणायचं ते दाखवतात.

पोलिसांनी नवा जबाब घेतला. जानेवारीत पुन्हा बोलावलंय. पुढं काय होईल ते सांगितलं नाही, मी विचारलंही नाही.

तुम्ही नाताळला याल. मी समोर यायचं की नाही, ते तुम्ही ठरवा.

एमुगे


जिंजा
१७ जानेवारी १९९९

एमुगे,

बारा दिवस गावात होते. तू मला दोनदा दिसलास. एकदा ताबिताच्या शेतात वाकलेला, एकदा चर्चच्या मागच्या बाकावर. मी बोलले नाही, तू पुढं आला नाहीस. ते बरं केलंस.

तू लिहिलेलं सगळं मी तपासून पाहिलं. पापांना विचारलं, ताबिताला विचारलं, पोलीस चौकीत जाऊन नवा जबाब वाचून घेतला. त्या आंब्याच्या झाडाखालीसुद्धा जाऊन आले, तिथं काय दिसणार होतं कोण जाणे. सगळं खरं निघालं. खरं निघत असतानाही मी पुढच्या माणसाला विचारतच होते. आता कुणी नुसतं "जेवलात का" म्हटलं तरी हा असं का विचारतोय, हे आधी मनात येतं. हे माझ्यातून कधी जाणार, माहीत नाही.

पापा नाताळच्या दुसऱ्या दिवशी शेजाऱ्यांच्या मडक्याशी जाऊन बसले. एकानं सरकून जागा केली, दुसऱ्यानं नळी हातात दिली. तुझं कौतुक म्हणून हे लिहीत नाही. जे तू काढून घेतलं होतंस ते परत आलं, एवढंच.

खरं लिहायचंय ते अडेकेबद्दल.

पहिले चार दिवस मी तिच्या घरासमोरून गेले आणि आत शिरले नाही. पाचव्या दिवशी गेले. ती अंगणात चटईवर भुईमुगाच्या शेंगा वाळत घालत होती. वर न बघता म्हणाली, "विचारायला आलात की सांगायला?"

"माफी मागायला आले."

"कशाची?"

"त्या पत्राची. एमुगेनं मला—"

"एमुगेनं तुम्हाला लिहिलं. मला तुम्ही लिहिलंत. अक्षर तुमचं होतं."

ती आत गेली आणि ओलुकाचे कागद ठेवायचा पत्र्याचा डबा घेऊन आली. त्यातून माझं पत्र काढून माझ्या हातात दिलं. म्हणाली, "मला वाचता येत नाही. आजींनी एकदा वाचून दाखवलं आणि मधेच थांबल्या, पुढचं वाचवत नाही म्हणाल्या. तुम्ही पोरांना उभं करून वाचायला लावता ना? वाचा."

मी उभी राहिले आणि वाचलं. अंगणात तिची मुलं होती, शेजारची एक बाई होती. तिसऱ्या ओळीशी मी थांबले. अडेके थांबून राहिली. मी पुन्हा सुरू केलं आणि शेवटपर्यंत वाचलं, माझ्या सहीसकट. आजी जिथं थांबल्या होत्या ती जागा मला कळली. तिथं मी तिची धाकटी मुलगी कुणाची याबद्दल एक वाक्य लिहिलं होतं. ते तू सुचवलेलं नव्हतंस, एमुगे. ते माझं स्वतःचं होतं.

मी तुझं कबुलीचं पत्र सोबत नेलं होतं. ते तिला दिलं, आणि माझं पत्र जाळून टाकू का विचारलं. ती नाही म्हणाली. दोन्ही पत्रं एकावर एक ठेवून तिनं डबा बंद केला. म्हणाली, "पोरं मोठी होतील. बाप कसा गेला विचारतील, आईला लोक काय बोलले ते विचारतील. मी सांगणार नाही. मी ही दोन पत्रं काढीन, आणि ज्यांनी लिहिली त्या दोघांना बोलावीन. तुम्ही शेजारी शेजारी बसा आणि पोरांना सांगा."

मग तिनं माझ्यापुढं पाण्याचा तांब्या ठेवला आणि पुन्हा शेंगा पसरायला लागली.

थोरला आता सहा वर्षांचा आहे. त्याला विचारावंसं वाटायला आणखी सात-आठ वर्षं तरी लागतील. अडेके बोलावेल तेव्हा मी येईन. तूही ये. तोपर्यंत लिहू नकोस.

एस्तेर असियो